कापून काढलेली पानं

अँड्र्यू मार्व्हेलच्या कवितांचं पुस्तक १६८१ साली लंडनमध्ये निघालं, तेव्हा कवीला जाऊन दोन वर्षं उलटली होती. मोठ्या फोलिओ आकाराचं हे पुस्तक आज अनेक ग्रंथालयांत आहे. त्याची जवळजवळ कुठलीही प्रत घ्या आणि पानांचे आकडे ओळीने बघत जा. एका जागी आकड्यांची साखळी तुटते. डावीकडचा आकडा आणि उजवीकडचा आकडा यांचा मेळ बसत नाही. ही काही खिळे जुळवणाऱ्याची चूक नव्हे. मधली पानं छापून झाली होती, पुस्तक विक्रीला जाण्याआधी ती काढून टाकली गेली. त्या पानांवर राजाविरुद्ध लढलेल्या सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलविषयीच्या तीन कविता होत्या. त्यांतल्या पहिलीचं नाव सांगायचं तर 'क्रॉमवेल आयर्लंडहून परतला त्या प्रसंगी होरेसच्या धर्तीवर रचलेली ओड'. ती छापील रूपात ज्यांत शिल्लक आहे अशा दोनच प्रती माहीत आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, दुसरी कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात.

आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना ओड भेटली ती बहुतेक पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी' या निवडक कवितांच्या संग्रहातून. शेलीचा पश्चिमवारा, कीट्सचा नाइटिंगेल. सॉनेटला मराठीत 'सुनीत' हे नाव मिळालं आणि ते रुळलं. ओडच्या वाट्याला तसं भाग्य आलं नाही, म्हणून मीही इथे 'ओड'च म्हणणार आहे. कीट्स-शेलीपर्यंत पोचेस्तोवर हा प्रकार इंग्रजीत सव्वादोनशे वर्षांहून जुना झालेला होता, आणि त्यातली पहिली शंभर वर्षं मला सगळ्यांत ओढून घेतात. या शंभर वर्षांत ओड एका हातातून दुसऱ्या हातात सरळ गेलेली दिसत नाही. कुणाची चोरीच्या आरोपाखाली गाडली गेली, कुणाची मरणोत्तर छापली गेली, कुणाची टपालात हरवली, कुणाची पुस्तकातून कापली गेली. ओड पुढे कशी व्हायची हे कुणी किती चांगलं लिहिलं यापेक्षा कुणाचा कागद वाचकांच्या हाती पडला यावर ठरलं, असं माझं म्हणणं आहे. ते कागद एकेक करून बघू.

सुरुवात १५८४ पासून करावी लागते. त्या वर्षी लंडनमध्ये 'पँडोरा' नावाचं एक पातळसं पुस्तक निघालं. कवी जॉन सूदर्न, अर्पण ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हेर याला. त्यात अर्लला उद्देशून एक ओड आहे आणि तिच्या कडव्यांवर स्ट्रोफ, अँटिस्ट्रोफ, एपोड अशी ग्रीक नावं छापली आहेत. इंग्रजीत ही तीन नावं घेऊन आलेली ही पहिली ओड.

या नावांमागे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक कवी पिंडार आहे. ऑलिंपिया, डेल्फी, नीमिया आणि इस्थमस इथल्या खेळांत जिंकणाऱ्यांसाठी त्याने रचलेल्या ४५ विजयगीतांचे चार ग्रंथ आपल्यापर्यंत आले. ही गीतं वाचायची नव्हती, गायची होती, नाचायची होती. प्राचीन भाष्यकार सांगतात की स्ट्रोफ म्हणताना गाणाऱ्यांचा मेळा एका दिशेने वळे, अँटिस्ट्रोफला उलट दिशेने, आणि एपोडला जागच्या जागी उभा राही. पावली खेळणारी दिंडी डोळ्यांपुढे आणली की कल्पना येते. पहिल्या दोन कडव्यांचं माप अगदी एकसारखं, कारण पावलं तेवढीच परत फिरवायची असत. तिसऱ्याचं माप वेगळं. या मापात शब्द बसवणं हीच पिंडारची करामत होती. मग नाच गेला, चाली गेल्या, उरले ते शब्द. १५१३ साली व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने ते प्रथम छापले, १५५० साली पॅरिसमध्ये पिएर द रोंसारने आपल्या ओडांचे चार भाग काढून पिंडारला फ्रेंचमध्ये आणलं, आणि फ्रान्समध्ये हे आपणच पहिल्यांदा केलं असं अभिमानाने सांगितलं.

सूदर्नही 'पँडोरा'त अशीच ग्वाही देतो. पिंडारच्या तारांना इंग्लंडात याआधी कुणी हात लावला नव्हता, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. पाच वर्षांनी, १५८९ मध्ये, 'आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी' हा काव्यशास्त्राचा मोठा ग्रंथ निघाला. तो जॉर्ज पटनमचा मानला जातो. त्यात एका कवीचा, नाव न घेता, खरपूस समाचार घेतलेला आहे. या माणसाने रोंसारच्या पिंडारी रचना उचलल्या, फ्रेंच शब्द जसेच्या तसे इंग्रजीत कोंबले, याच्यावर किरकोळ चोरीचा गुन्हा घालायला हवा, अशी तक्रार. वर, 'मीच पहिला' ही फुशारकीसुद्धा रोंसारचीच शब्दशः उचललेली आहे, हा शेवटचा घाव. नाव नसताना हा कवी सूदर्नच हे कसं ठरलं? पटनमने खटकलेल्या फ्रेंच शब्दांची यादी दिली आहे, आणि ते शब्द 'पँडोरा'त सापडतात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की ओळख पटते.

पटनमचा आरोप खोटा नव्हता. तरीही सूदर्नचं श्रेय पुसून टाकावं असं मला वाटत नाही. त्याच्या रचनेत ओबडधोबडपणा आहे, उसनवारी आहे, पण वळणारं आणि उलट वळणारं कडवं इंग्रजी कानांना ऐकवण्याचा प्रयत्न त्याने केला. त्याची आठवण ठेवणारा एक माणूस निघालासुद्धा. मायकेल ड्रेटन. सुमारे १६०६ मध्ये ड्रेटनने आपल्या ओडांचा संच छापला. त्यातल्या एका ओडेत तो वीणेचा इतिहास सांगत जुन्या गाणाऱ्यांना हाक मारतो, आणि त्या मांदियाळीत सूदर्नचं नाव घेऊन त्याचं भलं चिंततो. एका चोर ठरलेल्या कवीला दुसऱ्या कवीने असं उघडपणे आपलं म्हणावं, ही मोठ्या मनाची गोष्ट आहे.

ड्रेटनच्या या पुस्तकाची प्रस्तावना छोटी पण कामाची आहे. ओड एकाच प्रकारची नसते, हे तो वाचकाला समजावतो. पिंडारची उंच आणि भारदस्त, अॅनाक्रिऑनची प्रेमातली, घरातल्या खोलीत म्हणायची, आणि होरेसची या दोहोंचं मिश्रण. रोमन कवी होरेसच्या ओडांचे पहिले तीन ग्रंथ ख्रिस्तपूर्व २३ मध्ये बाहेर आले. त्यांत नाचणारा मेळा नाही. चार-चार ओळींचं एकच ठरलेलं कडवं पुन्हा पुन्हा येतं, आणि एक शहाणा माणूस दुसऱ्याशी बोलतो तसा आवाज येतो. पिंडार की होरेस, म्हणजे भरारी की तोल, हा प्रश्न ड्रेटनने १६०६ च्या आसपास नेमका मांडून ठेवला होता. स्वतः ड्रेटन होरेसकडे झुकलेला होता. व्हर्जिनियाला निघालेल्या दर्यावर्दींवरची त्याची ओड आणि अॅजिनकोर्टच्या लढाईवरचं त्याचं गीत याच पुस्तकात पहिल्यांदा आलं.

१६२९ हे या हकिगतीतलं मोठं साल. त्या वर्षी हेन्री मॉरिसन नावाचा तरुण वारला. त्याचा जिवलग मित्र ल्यूशस केरी मागे राहिला. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बेन जॉन्सनने या दोघांच्या मैत्रीवर ओड लिहिली. हिच्यात पिंडारची तीन कडव्यांची जोडणी चार वेळा, पुरती आणि मापात आहे. जॉन्सनने ग्रीक नावं मात्र वापरली नाहीत. त्याने साधे इंग्रजी शब्द घेतले: टर्न, काउंटर-टर्न, स्टँड. म्हणजे वळण, उलट वळण, थांबणं. ज्याला स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं त्या माणसाने पायांच्या या हालचाली कागदावर मांडल्या.

ही ओड जॉन्सन हयात असताना छापली गेली नाही. तो १६३७ मध्ये वारला, ती छापील रूपात आली १६४० मध्ये. त्या छपाईत एक जागा आहे, ती जवळून बघण्यासारखी आहे. एका काउंटर-टर्नच्या अगदी शेवटी कवी स्वतःचं नाव घेतो, पण फक्त 'बेन' इतकंच. इथे ओळ संपते, कडवं संपतं. मध्ये कोरी जागा. तिथे 'द स्टँड' हा मथळा. आणि मथळ्याखालच्या पहिल्या ओळीचा पहिला शब्द 'जॉन्सन'. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये अख्खी मोकळी पट्टी. असंच त्याने जुळ्या ताऱ्यांविषयीच्या एका शब्दाचंही केलं आहे. ओळीच्या काठावर तो शब्द दुभंगतो आणि पुढच्या ओळीत पुरा होतो. ग्रीक पुराणातल्या या जुळ्या भावांतला एक मर्त्य, दुसरा अमर. मॉरिसन गेला, केरी राहिला. दोन मित्रांची मैत्री मरणाने दोन जागी विभागली, तसे शब्द आणि नाव दोन जागी विभागले, तरी अर्थाच्या धाग्याने बांधलेले. गाणाऱ्याच्या तोंडून हे कळणं कठीण. हे डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी आहे. पिंडारचा नाच हरवला होता, त्याची जागा जॉन्सनने छापील पानाला दिली. पहिल्या शंभर वर्षांत पिंडार खऱ्या अर्थाने कुणाला उमगला असेल तर तो जॉन्सनला, असं मी छातीठोकपणे म्हणेन. केरीही पुढे फार जगला नाही. यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढताना १६४३ मध्ये तो न्यूबरीच्या लढाईत मारला गेला.

त्याच १६२९ च्या नाताळात एकवीस वर्षांच्या जॉन मिल्टनने येशूच्या जन्मावरची कविता लिहिली. पुढे छापताना मथळ्याखाली त्याने १६२९ हे साल घातलं, आणि कवितेच्या आरंभी तिला स्वतः ओड म्हटलं. मित्र चार्ल्स डिओडाटीला पाठवलेल्या लॅटिन पद्यपत्रातही तो हे काम सांगतो. या येशूजन्माच्या कवितेत आरंभीची चार कडवी सोडली तर एकाच मापाचं कडवं शेवटपर्यंत चालतं. मिल्टनने तेव्हा पिंडारचा किती अभ्यास केला होता? पुष्कळ वर्षं याचं एक आकर्षक उत्तर उपलब्ध होतं. हार्वर्डमध्ये पिंडारची, १६२० साली फ्रान्समधल्या सोम्यूर इथे छापलेली एक प्रत आहे. तिच्या समासात दाट टिपणं आहेत, आणि ती मिल्टनच्या हातची मानली जात होती. मॉरिस केली आणि सॅम्युअल अॅटकिन्स यांनी १९६४ मध्ये अक्षरांची बारकाईने तपासणी करून ते हस्ताक्षर मिल्टनचं नाही असं दाखवून दिलं. टिपणं अजून तिथे आहेत आणि ती कुणा कष्टाळू वाचकाची आहेत, पण मिल्टनच्या चरित्रातून ती वजा करावी लागतात. ज्यांनी त्यांच्यावर अंदाजाचे इमले बांधले होते त्यांना ते उतरवावे लागले. आपल्याला हवा तसा पुरावा समोर आला की हात थोडा आखडावा, हे मला त्या प्रतीने शिकवलं.

मिल्टनचा अस्सल कागद मात्र आहे, आणि तो ऑक्सफर्डला आहे. त्याची गोष्ट अशी. मिल्टनच्या कवितांचं १६४५ चं पुस्तक हम्फ्री मोझ्ली या प्रकाशकाने काढलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचा ग्रंथपाल जॉन राउस याने मिल्टनकडे त्याची पुस्तकं मागितली. हा राउस नियमाला इतका पक्का, की १६४५ मध्ये खुद्द पहिल्या चार्ल्स राजाने एक पुस्तक बाहेर मागवलं तेव्हा ग्रंथालयाचा नियम पुढे करून त्याने ते दिलं नव्हतं. मिल्टनने आपले गद्य ग्रंथ आणि कवितांचं पुस्तक पाठवलं. गद्य पोचलं. कविता वाटेत हरवल्या. राउसने दुसरी प्रत मागितली, आणि मिल्टनने तिच्यासोबत हरवलेल्या पुस्तकाला उद्देशून एक लॅटिन ओड पाठवली. तिच्यावर तारीख आहे २३ जानेवारी १६४६. आपल्या हिशेबाने हे साल १६४७, कारण इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलत असे. ही गोष्ट विसरली तर त्या काळच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या प्रत्येक कागदाचं साल चुकतं.

ती ओड सुवाच्य अक्षरात लिहवून घेतलेली आहे आणि पुस्तकासह बॉडलियनमध्ये जपलेली आहे. तीत तीन स्ट्रोफ, तीन अँटिस्ट्रोफ आणि शेवटी एक एपोड आहे. पण माझा जीव अडकतो तो कवितेखालच्या छोट्या टिपेत. तिथे मिल्टन सांगतो की स्ट्रोफ आणि अँटिस्ट्रोफ यांच्या ओळी एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, तरी आपण असे भाग पाडले ते जुन्या गायनपद्धतीसाठी नव्हे, वाचणाऱ्याला सोयीचं व्हावं म्हणून. सतरा वर्षांपूर्वी जॉन्सनने जे करून दाखवलं होतं, ते इथे नियम म्हणून लिहिलेलं आहे. ओड आता वाचायची गोष्ट झाली. हे विधान हरवलेल्या पुस्तकाच्या निमित्ताने, एका ग्रंथपालाला पाठवलेल्या कागदावर, लॅटिनमध्ये आलं. १६७३ पर्यंत ते छापलं गेलं नाही. इंग्रजीत ओड लिहिणाऱ्यांपर्यंत ते वेळेवर पोचायला वावच नव्हता.

आता मार्व्हेलकडे परत येऊ. त्याच्या ओडेवर तारीख घातलेली नाही, पण मथळा आणि मजकूर मिळून ती सांगतात. क्रॉमवेल आयर्लंडमधून परतला तो १६५० च्या मे अखेरीस. कवितेत स्कॉटलंडवरची स्वारी अजून व्हायची आहे, आणि प्रत्यक्षात क्रॉमवेलने जुलैच्या उत्तरार्धात सरहद्द ओलांडली. कवितेतला क्रॉमवेल पार्लमेंटचा आज्ञाधारक सेवक आहे, जिंकलेलं सगळं तो प्रजासत्ताकाच्या पायाशी ठेवतो. १६५३ मध्ये त्यानेच पार्लमेंट बरखास्त केल्यानंतर असं लिहिणं शक्य नव्हतं. जून-जुलै १६५०, एवढ्या अरुंद पट्ट्यात ही कविता बसते.

माप होरेसचं. १२० ओळी, चार-चार ओळींच्या गटांत, दोन लांब आणि दोन आखूड. रिचर्ड फॅनशॉने होरेसच्या अनुवादासाठी याच घडणीचं कडवं वापरलं होतं. मार्व्हेल क्रॉमवेलचं वर्णन एखाद्या नैसर्गिक शक्तीसारखं करतो, वीज ढग फोडून बाहेर यावी तसं. आणि मग कवितेच्या साधारण मध्यावर, विजेत्याच्या स्वागतासाठी लिहिलेल्या कवितेत, तो पहिल्या चार्ल्स राजाचा वध आणतो. ३० जानेवारी १६४९, व्हाइटहॉलसमोर उभारलेलं व्यासपीठ, भोवती सैनिक. राजा कुणाला दोष देत नाही, देवांना बोल लावत नाही, संयमाने मान खाली ठेवतो. ज्याच्या विजयासाठी ही ओड, त्याच्याच बाजूने मारलेल्या माणसाला तिच्यात सगळ्यांत देखणी जागा मिळाली आहे. त्या ओळी वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. कवी कोणत्या बाजूचा, यावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं वाद घातले. मला वाटतं, होरेसच्या मापानेच त्याला हे बळ दिलं. लांब ओळ म्हणते, आखूड ओळ तोलते. एक हात पुढे होतो, दुसरा तो अडवून धरतो. पिंडारच्या भरारीत राजाला ही शांत जागा मिळाली नसती. मार्व्हेल एक वर्ष आधीपर्यंत राजनिष्ठ कवींच्या संगतीत होता. १६४९ मध्ये रिचर्ड लव्हलेसच्या पुस्तकाला त्याने स्तुतिपर कविता दिली होती. दोन्ही बाजू त्याने जवळून पाहिल्या होत्या.

ही ओड त्याने छापली नाही. १६५७ पासून तो क्रॉमवेलच्या सरकारात मिल्टनच्या हाताखाली नोकरीला होता, १६५९ पासून हल शहराचा खासदार. १६६० मध्ये राजेशाही परत आली, आणि १६६१ च्या ३० जानेवारीला क्रॉमवेलचं प्रेत उकरून टायबर्नला फासावर लटकवलं गेलं. मार्व्हेल खासदार राहिला आणि ही कविता त्याच्या कागदांत राहिली.

दरम्यान दुसरा एक कागद बाजारात आला आणि त्याने सगळं फिरवलं. १६५६ मध्ये त्याच हम्फ्री मोझ्लीने अब्राहम काउलीच्या कविता छापल्या, त्यांत 'पिंडारिक ओड्स' असा १५ ओडांचा स्वतंत्र विभाग. काउली राजपक्षाचा. परागंदा झालेल्या राणीच्या पदरी फ्रान्समध्ये सांकेतिक पत्रांचं काम करून परतलेला. १६५५ मध्ये लंडनला पकडला गेला आणि जामिनावर सुटला. जामीन राहिलेल्यांत डॉक्टर स्कार्बरो होते, आणि १५ ओडांतली एक त्यांच्यावर आहे. काउलीचा चरित्रकार टॉमस स्प्रॅट सांगतो की दुसरी पुस्तकं हाताशी नसलेल्या एका ठिकाणी पिंडार योगायोगाने त्याच्या हाती लागला आणि तो त्यातच रमला. काउलीने पिंडारच्या दोन ओडांचा अनुवाद पहिला ठेवला, होरेसने पिंडारविषयी लिहिलेल्या ओडेचं रूपांतर तिसरं, आणि पुढे स्वतःच्या. अनुवादाविषयी त्याचं मत स्पष्ट होतं: पिंडार शब्दाला शब्द ठेवून आणला तर वेड्याची बडबड वाटेल. म्हणून हवं ते घेतलं, हवं ते सोडलं, हवं ते घातलं, असं तो प्रस्तावनेत मोकळेपणी सांगतो. सोडलेल्यात ती तीन कडव्यांची जोडणीही होती. त्याच्या कडव्यांना ठरलेलं माप नाही. ओळ मनाला येईल तेवढी लांब, मनाला येईल तेवढी आखूड.

याला एक कारण छापखान्यात होतं. त्या काळच्या छापील पिंडारमध्ये ओळी लहानमोठ्या तुकड्यांत मोडून छापलेल्या असत. पानावर नजर टाकली की सगळं उधळलेलं दिसे. त्या तुकड्यांखालच्या लांब, शिस्तबद्ध ओळी आउगुस्ट ब्यॉकने १८११ च्या आवृत्तीत पुन्हा मांडून दाखवल्या. काउलीने पिंडारची उधळण पकडली, शिस्त सुटली. पण तो चाचपडत नव्हता. त्याने जोडलेल्या विस्तृत टिपा वाचल्या की माणसाचं ग्रीक वाचन किती होतं ते कळतं.

काउलीचं पुस्तक खपलं, वाचलं गेलं, अनुकरणाला सोपं निघालं. पुढची पन्नास वर्षं जन्म, लग्न, विजय, मरण, सगळ्याला बेमाप कडव्यांची 'पिंडारिक' ओड. त्यातून ड्रायडनसारख्याने अॅन किलिग्र्यूच्या स्मरणार्थ १६८६ मध्ये आणि सेंट सिसिलियाच्या उत्सवासाठी १६८७ आणि १६९७ मध्ये मोठं काव्य काढलं, हे खरं. बाकीच्यांची गर्दी इतकी झाली की १७०६ मध्ये विल्यम काँग्रीव्हला एक निबंध लिहून सांगावं लागलं: पिंडारच्या ओडांइतकी नियमबद्ध रचना दुसरी नाही, आणि आजवर आपणही ही चूक करत आलो. जॉन्सनने १६२९ च्या सुमारास करून ठेवलेली गोष्ट पाऊणशे वर्षांनी नव्याने पटवून द्यावी लागत होती.

काउलीच्या पुस्तकालाही कात्री लागली. १६५६ च्या प्रस्तावनेत त्याने हरलेल्यांनी आता शस्त्रं खाली ठेवावीत आणि लेखणीनेही ती लढाई लढू नये, अशा अर्थाचा मजकूर लिहिला होता. राजा परतल्यावर तो त्याला फार महागात पडला. त्याच्या मृत्यूनंतर १६६८ मध्ये स्प्रॅटने काढलेल्या आवृत्तीत तो परिच्छेद नाही.

आणि १६८१. मार्व्हेलच्या पुस्तकाच्या आरंभी 'मेरी मार्व्हेल' अशा सहीचं एक निवेदन आहे, तारीख १५ ऑक्टोबर १६८०. माझ्या दिवंगत पतीच्या कागदांत, त्याच्याच हस्ताक्षरात सापडलेल्या या कविता आहेत, असं ती सांगते. मार्व्हेल लग्न न करता राहिला असं सगळे धरून चालत होते. फ्रेड टपर या अभ्यासकाने जुन्या न्यायालयीन कागदपत्रांतून या बाईची हकिगत शोधून १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. ती मेरी पामर, मार्व्हेलचं घर सांभाळणारी. दिवाळं निघालेल्या दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांना लपवण्यासाठी मार्व्हेलने ग्रेट रसेल स्ट्रीटवर तिच्या नावाने घर घेतलं होतं, आणि त्यांतल्या एकाचे ५०० पौंड मार्व्हेलच्या नावाने एका सराफाकडे ठेवलेले होते. मार्व्हेल गेला, तो व्यापारीही गेला, आणि पैशांवरून खटला उभा राहिला. विधवा म्हणून उभं राहिलं तरच त्या रकमेवर बोलता येणार होतं. लग्नाचा तिचा दावा बहुतेक अभ्यासक खोटा मानतात. पण ती त्या कागदांपाशी होती, आणि कागद छापखान्यात गेले. आज मार्व्हेलची म्हणून जी भावकविता आपण वाचतो, त्यातली बहुतेक याच पुस्तकाने वाचवली. त्या बाईचा हा उपकार मी तिच्या खोट्याहून मोठा मानतो.

प्रकाशक रॉबर्ट बोल्टरने मार्व्हेलचं पुस्तक छापायला घेतलं तेव्हा गादीवर दुसरा चार्ल्स होता, आणि त्याच्या कॅथलिक भावाला वारसाहक्कातून वगळण्यावरून देश पेटलेला होता. यादवीच्या तोंडावरच्या १६४१ सारखी वेळ पुन्हा येते की काय, हे भय सगळीकडे होतं. अशा वर्षात क्रॉमवेलच्या नावाची पानं छापील फर्म्यांतून काढली गेली. दोन प्रती निसटल्या.

१७७६ मध्ये, म्हणजे रचनेनंतर १२६ वर्षांनी, हलचाच एक नौदल कप्तान एडवर्ड टॉमसन याने मार्व्हेलचं साहित्य तीन खंडांत छापलं आणि ही ओड प्रथमच लोकांसमोर आली. तोवर ग्रे आणि कॉलिन्स या पुढच्या कवींच्या ओडाही येऊन गेल्या होत्या. १८६१ मध्ये पालग्रेव्हने ती 'गोल्डन ट्रेझरी'त घेतली. विसाव्या शतकात बॉडलियनला १६८१ च्या पुस्तकाची आणखी एक प्रत मिळाली. तिच्यात छापील चुका हाताने दुरुस्त केलेल्या आहेत, आणि क्रॉमवेलच्या कविता जिथे नाहीत त्याची भरपाई कुणीतरी शाईने, हाताने लिहिलेल्या पानांनी केलेली आहे. ती प्रत आता ऑक्सफर्डला, मिल्टनने राउसला दुसऱ्यांदा पाठवलेलं पुस्तक आहे त्याच ग्रंथालयात आहे.